‘आकृती नीट बघा’ म्हणजे नेमके काय बघायचे?

विद्युत परिपथात रोध एकामागे एक म्हणजे एकसर जोडलेले असतील तर त्यांची बेरीज करायची आणि दोन्ही टोके सामाईक असलेल्या समांतर जोडणीत व्यस्तांची बेरीज करून आलेले उत्तर पुन्हा उलटायचे, एवढे समजायला मला एक संध्याकाळ पुरली. त्याबद्दल वेगळे लिहावे असे काही नाही. ज्या प्रश्नापायी माझे पुढचे चार दिवस गेले, तो दिसायला त्याहूनही सोपा होता. एका सरळ रेषेत २, ३ आणि ६ ओहमचे तीन रोध काढलेले होते आणि त्यांच्या टोकांना डावीकडून अनुक्रमे अ, ब, क, ड अशी नावे दिलेली होती. अ पासून निघालेली एक तार पहिल्या दोन रोधांच्या वरून कमान करून क ला मिळत होती, ब पासून निघालेली दुसरी तार खालून वळसा घालून ड ला मिळत होती, आणि अ व ड यांच्यामध्ये ६ व्होल्टची बॅटरी जोडलेली होती. परिणामी रोध, म्हणजे तिन्हींच्या जागी चालेल असा एकच रोध, काढायचा होता.

तिन्ही रोध एका रांगेत दिसत असल्यामुळे पहिल्या दिवशी मी बेरीज करून ११ ओहम लिहून मोकळा झालो. उत्तरसूचीत १ ओहम होते. दुसऱ्या दिवशी तारांकडे लक्ष गेले, तेव्हा वरची तार पहिल्या दोन रोधांना वगळते आणि खालची तार शेवटच्या दोन रोधांना वगळते, म्हणजे तिन्ही रोध वगळले गेले, असा तर्क करून मी शून्य ओहमपर्यंत पोहोचलो. तिसऱ्या दिवशी २ आणि ३ यांना एकसर धरून त्यांना ६ शी समांतर जोडले आणि २.७३ ओहम काढले. शेवटी शिकवणीत वही पुढे केली, तेव्हा वही हातातही न घेता ‘आकृती नीट बघा’ एवढेच उत्तर मिळाले. त्या तीन शब्दांचा राग मला अजूनही आहे, कारण मी तीन दिवस आकृतीच बघत होतो आणि तीच मला फसवत होती. कागदावर एका ओळीत असणे आणि एकसर असणे यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही, हे वाक्य कोणी तेव्हा उच्चारले असते तरी माझे काम झाले असते.

चौथ्या दिवशी वैतागून मी रंगीत पेन्सिली घेतल्या. अ पासून सुरुवात करून, वाटेत रोध येईपर्यंत जेवढी तार हाती लागेल तेवढी लाल रंगवायची, असे ठरवले. आदर्श तारेच्या दोन टोकांमध्ये विभवांतर, म्हणजे व्होल्टचा फरक, नसतो, म्हणून ती कितीही लांब किंवा वाकडी काढलेली असली तरी विद्युतदृष्ट्या तो एकच बिंदू असतो. लाल रंग वरच्या तारेवरून थेट क पर्यंत गेला. मग ब पासून निळा रंग सुरू केला, तो खालच्या तारेने ड पर्यंत पोहोचला, आणि रंगवायला तारच उरली नाही. चार अक्षरे, पण रंग दोनच! प्रत्येक रोधाचे एक टोक लाल आणि दुसरे निळे होते, म्हणजे तिन्ही रोध एकमेकांना समांतर होते. एक द्वितीयांश, एक तृतीयांश आणि एक षष्ठांश यांची बेरीज नेमकी १ येते आणि परिणामी रोधही १ ओहम.

या प्रश्नाची एक खोडही सांगतो. इथे व्यस्त १ आणि उत्तरही १, त्यामुळे शेवटी उलटायचे विसरले तरी चूक लक्षात येत नाही. लगेच पुढच्या प्रश्नात ६ ओहमच्या दोन समांतर रोधांसाठी मी ३ ऐवजी ०.३३ लिहून आलो. दोन समान रोध समांतर असले की उत्तर त्यांच्या निम्मे येते, हे आधी डोक्यात असते तर ते तिथेच खटकले असते.

उत्तर जुळले तरी माझा विश्वास बसेना, म्हणून विद्युतधारा मोजून पाहिल्या. प्रत्येक रोधावर ६ व्होल्ट, म्हणून धारा अनुक्रमे ३, २ आणि १ अँपिअर. बेरीज ६, आणि ६ व्होल्टला १ ओहमने भागले तरी ६. मौज म्हणजे बॅटरीचे धन टोक अ ला धरले तर मधल्या रोधातील धारा उजवीकडून डावीकडे, क कडून ब कडे वाहते. वरच्या तारेतून ३ आणि खालच्या तारेतून ५ अँपिअर जातात. ज्या तारांना मी केवळ वळसा समजत होतो, त्याच बहुतेक धारा वाहून नेत होत्या.

प्रत्यक्ष जोडणी करून पाहायची असेल तर हे आकडे घेऊ नयेत, कारण ६ व्होल्टला २ ओहमच्या रोधात १८ वॅट उष्णता निर्माण होते आणि पाव वॅटचा रोध जळून जातो. मी ब्रेडबोर्डवर १ किलोओहमचे तीन रोध तसेच जोडले आणि बॅटरी न लावता मल्टिमीटरने ३३३ ओहमच्या आसपासचे माप घेतले. सोनेरी पट्ट्याच्या रोधात ५ टक्के फरक चालतो.

या रंगवण्याने आणखी एक गोष्ट साधली. पुढे पाच रोधांचा सेतू आला (चौकोनाच्या चार बाजूंना चार रोध, समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना बॅटरी आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांमध्ये पाचवा रोध), तेव्हा रंग चार निघाले. कोणत्याही दोन रोधांची दोन्ही टोके एकाच रंगजोडीची नव्हती, आणि दोन रोध सोडून तिसरे काहीच जोडलेले नाही असा एकही रंग नव्हता. म्हणजे तिथे एकसर काही नव्हते आणि समांतरही नव्हते. सेतू संतुलित असता, म्हणजे मधल्या रोधातून धारा वाहत नसती, तर तो रोध काढून टाकता आला असता, पण त्यासाठी लागणारी दोन्ही बाजूंच्या रोधांची गुणोत्तरे जुळत नव्हती. या वेळी चार दिवस न घालवता मी दोन मिनिटांत सूत्रे बाजूला ठेवली आणि किरचॉफने १८४५ मध्ये, स्वतः विद्यार्थी असताना, मांडलेल्या नियमांची समीकरणे लिहायला घेतली.