मे महिन्यातलं प्रेत थंड पडत नाही

रहस्यकथांच्या हस्तलिखितांत एक वाक्य हमखास भेटतं: 'त्याने मनगट धरून पाहिलं. शरीर केव्हाच थंडगार पडलं होतं.' कथा सोलापुरातली, महिना मे, खोली पत्र्याची, पंखा बंद. बाहेर ४३ अंश आणि पत्र्याखाली त्याहून जास्त. जिवंत माणसाचं शरीर ३७ अंशांचं. भोवतालची हवाच त्याहून गरम असेल तर ते निवणार कसं? तासाला सुमारे दीड अंश फॅरेनहाइट उतरतं, हा हिशेब थंड हवेच्या देशांतल्या कथांमधून आपल्याकडे आलाय. आपल्या उन्हाळ्यात तो लागू पडत नाही.

सोलापुरातली रहस्यकथा लिहिणार असाल (प्रेमकथेचं पुढे येतंच), तर इथे काय होतं ते वहीत टिपून ठेवा. मृत्यूनंतरचा ताठरपणा उन्हाळ्यात लवकर येतो आणि लवकर सुटतो. हिवाळ्यात तो दोन दिवसांपर्यंत राहू शकतो, उन्हाळ्यात बहुतेक वेळा दीड दिवसाच्या आत गेलेला असतो. पोटाच्या उजव्या बाजूला खाली हिरवट डाग उमटतो, उन्हाळ्यात तोही पहिल्या दिवसातच. शरीराचा जो भाग खाली असतो तिथे रक्त साचून जांभळट पट्टे पडतात आणि साधारण ६ ते १२ तासांत पक्के होतात. त्यानंतर प्रेत उलटलं तरी ते जागा सोडत नाहीत. हा शेवटचा तपशील आपल्या फार कामाचा. उताण्या सापडलेल्या माणसाच्या छातीवर ते पट्टे असतील, तर त्याला नंतर कोणीतरी उलटवलंय.

एवढ्या अडचणी असताना कुठलाही डॉक्टर 'रात्री अकरा ते साडेअकरा' असं छातीठोक सांगत नाही. तो काही तासांची पट्टी देतो, आणि उन्हाळ्यात ती पट्टी आणखी रुंद होते. नवख्या लेखकाला हे गैरसोयीचं वाटतं. मला विचाराल तर कथानकाची निम्मी सोय इथेच होते, कारण त्या रुंद पट्टीत चार संशयित आरामात मावतात.

रहस्यकादंबरी आणि प्रेमकादंबरी या दोन्ही अडसरावर उभ्या असतात. एकीत सत्य बाहेर का येत नाही, दुसरीत दोघं एकत्र का येत नाहीत, एवढाच प्रश्न. अडसर खोटा असला की भाषा कितीही देखणी असो, पुस्तक पन्नासाव्या पानावर बसतं. आणि खरा अडसर गावातूनच येतो: तिथल्या हवेतून, धंद्यातून, कायद्यातून, नातेवाइकांतून.

रहस्याची बांधणी मागून पुढे करायची. वहीच्या पानावर उभी रेघ मारा. डावीकडे 'घडलं', उजवीकडे 'कळलं'. आधी फक्त डावी बाजू पूर्ण भरा. तपास करणारं कोणी नाही असं समजून खुन्याने काय केलं ते तारीख-वेळेसह लिहा: तो कुठून आला, कशाने आला, कोणी पाहिलं, कपडे कुठे टाकले. त्याची योजना चांगलीच असू द्या. फक्त एक गोष्ट त्याच्या हाताबाहेरची हवी. मग उजवी बाजू: यातलं काय, कोणाला, कुठल्या प्रकरणात कळतं. ६०,००० शब्दांची कादंबरी धरली तर दोन-दोन हजारांची तीस प्रकरणं होतात. खुनी पहिल्या सहा प्रकरणांत वाचकासमोर येऊन बोलून गेलेला हवा. शेवटचा निर्णायक दुवा पंचविसाव्या प्रकरणापर्यंत देऊन टाकायचा. त्यानंतर नवी माहिती आली की वाचकाला फसवल्यासारखं वाटतं, आणि त्याचं बरोबर असतं. मुख्य निष्कर्षाला किमान तीन दुवे ठेवा, कारण एक निसटतो, एकाचा वाचक चुकीचा अर्थ लावतो, तिसरा तारतो.

दुवा लपवायचा म्हणजे वगळायचा नाही. तो सगळ्यांसमोर ठेवायचा, पण त्याला एक चुकीचं, पटण्याजोगं कारण द्यायचं. जेकार्डच्या चादरीचं उदाहरण घेऊ. जुन्या जेकार्ड मागावर नक्षी पुठ्ठ्याच्या भोकांच्या कार्डांवर असते आणि ती कार्डं माळेसारखी ओवलेली असतात. एक कार्ड म्हणजे धोट्याची एक फेरी, एक आडवा धागा. एखाद्या कार्डावर जादा भोक पडलं तर त्या फेरीत नको तो उभा धागा वर उचलला जातो. माळ फिरून तेच कार्ड परत आलं की चूकही परत येते, नक्षीच्या प्रत्येक आवर्तनात, त्याच जागी. म्हणजे चादरीत दर ठरावीक अंतरावर तोच ठिपका. ती चादर कुठल्या मागावरून उतरली हे माहीतगार विणकर सांगू शकतो.

आता हे वाचकाला कसं द्यायचं? चौथ्या प्रकरणात कारखानदार मालातली खोट दाखवत मुकादमाला झापतो. वाचक समजतो की कारखानदाराच्या तापटपणाचा प्रसंग आहे. अकराव्यात कुणाच्या तरी पाहुण्याच्या अंथरुणावर ठिपक्यांची चादर, तीही तीन गोष्टींच्या यादीत मधोमध: तांब्या, चादर, कोपऱ्यातला टेबल फॅन. यादीतल्या मधल्या गोष्टीवर नजर ठरत नाही. तेविसाव्यात मुकादम कार्ड बदलल्याची तारीख सहज बोलून जातो. प्रेत गुंडाळलेली चादर त्या तारखेच्या आधीची, हा हिशेब वाचकाने स्वतः मांडायचा. मात्र काळ सांभाळा. इलेक्ट्रॉनिक जेकार्डवर पुठ्ठ्याची कार्डंच नसतात, नक्षी संगणकातून येते. कथा आजची असेल तर कारखाना मुद्दाम जुना निवडा आणि तो जुना का राहिला याचं कारणही द्या.

मागांच्या आवाजाचाही असाच उपयोग. वीस माग चालू असताना शेजारच्या खोलीतली किंकाळी ऐकू येत नाही, हे सगळे लिहितात. मला उलटं जास्त आवडतं: माग अचानक थांबले म्हणून अख्खी गल्ली जागी झाली. त्या आवाजात झोपणाऱ्यांची झोप शांततेनेच मोडते.

आता तपास कोण करणार? खासगी गुप्तहेराला आपल्याकडे पोलिसांचे कोणतेच अधिकार नाहीत. तो घटनास्थळी फिरतोय, प्रेताचे खिसे तपासतोय आणि फौजदार चावडी पोलिस ठाण्याचे पीएसआय त्याला चहा पाजतायत, हे सोलापूरकर वाचून हसतो. सामान्य माणसाला कायदेशीरपणे आत नेणारी एक जागा आहे आणि लेखकांनी ती फारशी वापरलेली नाही: पंच. पंचनाम्याला पंच लागतात, त्यांच्यासमोर वस्तू सील होते, कागदावर त्यांची सही असते, पुढे साक्षीलाही त्यांनाच बोलावणं येतं. गंभीर गुन्ह्यांत सरकारी कर्मचाऱ्यांना पंच म्हणून नेण्याची पद्धत आहे. जिल्हा परिषदेतली एखादी कनिष्ठ सहायक, दुपारच्या डब्यातून उठवून नेलेली, हातात शेंगाचटणीचा वास, आणि तिला दिसतं की यादीत लिहिलेलं घड्याळ उजव्या मनगटावर होतं. तिला अधिकार काही नाही, पण तिने पाहिलेलं कोणी पुसू शकत नाही. यापेक्षा चांगली नायिका मला तरी सुचत नाही.

कायद्याची कलमं तारखेला बांधलेली आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्यानंतरच्या खुनाला कलम १०३, आधीच्या खुनाला तेच जुनं ३०२, मग अटक कधीही होवो. पात्रांच्या तोंडी मात्र अजून 'तीनशे दोन'च असू द्या. दुसरी नेहमीची चूक शेवटच्या प्रकरणातली: खुनी इन्स्पेक्टरसमोर सगळं ओकतो आणि कथा संपते. पोलिसांसमोरची कबुली न्यायालयात पुरावा होत नाही, ना जुन्या कायद्यात ना नव्या. आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या वस्तूपर्यंत नेणारा तेवढाच भाग चालतो. म्हणून कबुलीने शेवट करू नका. विहिरीतून काढलेल्या कोयत्याने करा.

विषाबद्दल थोडक्यात. शेतावरच्या बऱ्याच कीटकनाशकांना उग्र वास असतो, आणि बाहुल्या टाचणीएवढ्या झालेला, तोंडाला फेस आलेला रुग्ण कॅज्युअल्टीतला डॉक्टर लगेच ओळखतो. 'चहात मिसळलं, कुणाला कळलंच नाही' हे चालत नाही. व्हिसेराचा, म्हणजे विषासाठी तपासायला पाठवलेल्या अवयवांचा, अहवालही दुसऱ्या दिवशी येत नाही, महिने जातात. तो उशीर कथेत वापरा. खुनाच्या गुन्ह्यात अटकेनंतर ९० दिवसांत दोषारोपपत्र गेलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. आयतं घड्याळ आहे ते.

प्रेमकथेकडे वळताना एक चाचणी आधी करा: एक फोन लावला असता तर गोष्ट संपली असती का? उत्तर 'हो' असेल तर अडसर खोटा. तिला मामेभावासोबत स्कूटरवर पाहिलं, याने गैरसमज केला आणि दोनशे पानं रुसला. असल्या नायकाशी तिने लग्न करू नये असं वाचकालाच वाटायला लागतं.

खरा अडसर म्हणजे दोघांच्याही रास्त गोष्टी एकमेकींच्या आड येणं. ती सोलापूरच्या पूर्व भागातली, घरात तेलुगू, वडिलांचे चार माग, बँकेचा हप्ता, आणि हिशेब सांभाळणारी ती एकटी. तो शिकून पुण्याला गेलेला, इथे त्याच्या कामाची नोकरी नाही. ती गेली तर माग थांबतात, तो आला तर त्याचं शिक्षण. खलनायकाची गरजच उरत नाही. जातीचा अडसर घ्यायचा असेल तरी तो 'घरचे मानणार नाहीत' एवढ्यावर सोडू नका. कोण मानणार नाही? समजा मामा, आणि मामाच कर्जाला जामीन आहे. आता नकाराला आकडा आला, तारीख आली.

प्रेमकथेत शेवट वाचकाला ठाऊक असतो आणि तो तसाच हवा. तो मोडून 'वास्तव' दाखवणाऱ्याने पुस्तकावर दुसरं काही लिहावं. उत्सुकता उरते ती कशाच्या बदल्यात याची. पहिल्या दहाव्या भागात भेट, पाव पुस्तकात अडसर उघड, मध्यावर दोघांना एकत्र असण्याची चव मिळालेली, पाऊण पुस्तकावर ताटातूट. आणि ती ताटातूट अपघाताने किंवा बदलीच्या ऑर्डरने करू नका. दोघांपैकी एकाच्या स्वभावातूनच व्हायला हवी.

मराठीत लिहिणाऱ्याकडे एक हत्यार फुकटचं आहे: 'तुम्ही'वरून 'तू'वर येणं. ते कुठल्या प्रसंगात, कोणाच्या तोंडून, हे आधी ठरवा आणि त्याआधी एकदाही घसरू नका. बहुतेक हस्तलिखितांत पात्रं चाळिसाव्या पानावर नकळत अरे-तुरेवर येतात आणि मोठा प्रसंग वाया जातो. ताटातुटीनंतर तिने परत 'तुम्ही' म्हणणं कुठल्याही अश्रूंपेक्षा जास्त लागतं. तेलुगू वाक्यांचंही तसंच. ती रागात आईशी तेलुगूत बोलली तर मागोमाग मराठी अर्थ देऊ नका, त्याच्या चेहऱ्यावरून कळू द्या. 'काय करलालास बे?' ही सोलापुरी बोली दोस्तांत शोभते, पण पानाला एकदा. निवेदनात तर नकोच, नाहीतर नक्कल वाटते.

दोन्ही प्रकार एका पुस्तकात आणायचे तर नियम एकच: प्रेमामुळे तपास बदलला पाहिजे, आणि तपासामुळे प्रेम. संशयित नायिका असेल तर कायदाच मदत करतो. अपवादात्मक परिस्थिती सोडली तर स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करत नाहीत. अपवाद करायचाच तर महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी घेतलेली परवानगी लागते. म्हणजे संध्याकाळी संशय पक्का झाला तरी तिच्या हातात एक रात्र आहे. त्या रात्री ती त्याच्याकडे जाते की पुरावा नष्ट करायला, हाच कादंबरीचा पाऊण पुस्तकावरचा प्रसंग.

सोलापुरातल्या सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेचा मोह सगळ्यांनाच होतो. होऊ द्या, पण गर्दीचं वर्णन करून थांबू नका. जानेवारीत सात नंदीध्वज (उंच सजवलेल्या काठ्या) निघतात, ६८ लिंगांना तैलाभिषेक, मग अक्षता, मग होम, असा क्रम ठरलेला. क्रम ठरलेला म्हणजे कोण केव्हा कुठे होतं हे तपासता येतं. आणि मिरवणुकीत हजारो माणसं पांढऱ्या बाराबंदीत, म्हणजे बंदांच्या अंगरख्यात. साक्षीदार खात्रीने सांगतो, 'मी त्याला पाहिलं', पण पाहिली असते बाराबंदी. पुढे ओळख परेडमध्ये तो अडखळतो. तिकडे नायिकाही अक्षतेच्या वेळी गच्चीवरून त्या पांढऱ्या गर्दीत एकालाच शोधते आणि तिला तो चालण्यावरून सापडतो. साक्षीदाराला जमलं नाही ते तिला जमलं, म्हणून ती त्याचा बचाव करू शकते किंवा त्याला अडकवू शकते. एकच प्रसंग, दोन्ही कथा पुढे.

दिवाळी अंकासाठी पाच-सहा हजार शब्दांत लिहायचं असेल तर यातलं बरंच गाळा. संशयित तीनच ठेवा, स्थळं दोन, उपकथानक शून्य.

राहिली नावं. सगळ्या पात्रांची यादी करून पहिली अक्षरं तपासा. संजय, सचिन आणि संदीप एका कथेत असले की वाचक मागची पानं चाळतो. सोलापुरात सगळेच '-कर' नसतात. तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या घरांची नावं मिसळलेली हवीत, पण आडनावावरूनच खुनी ओळखू येईल अशी वाटणी नको. मृताचं नाव सगळ्यांत वेगळं ठेवा, कारण तो बोलत नसला तरी त्याचाच उल्लेख सर्वाधिक वेळा येतो.