एकही हरायचं नाही

माझ्या घरापासून मिशिगन स्टेडियम, म्हणजे मिशिगन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचं मैदान, चालत बारा मिनिटांवर आहे. अमेरिकेतल्या आमच्या ॲन आर्बर गावाची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास आणि स्टेडियममध्ये जागा 1,07,601. घरचा सामना असला की सकाळी सातपासून गाड्यांची रीघ लागते आणि आमच्या गल्लीतले लोक आपापल्या अंगणात पार्किंग देतात. शेजारच्या काकांकडे बावीस गाड्या मावतात. कोणाला लवकर निघायचंय ते आधी विचारायचं, त्यांना रस्त्याच्या बाजूला घ्यायचं, शेवटपर्यंत बसणाऱ्यांना आत कुंपणाकडे. 2023 च्या मोसमात घरचे सात सामने झाले आणि सातही शनिवारी मी सकाळी काकांच्या मदतीला उभी होते. अमेरिकन फुटबॉल मी शिकले ती त्या अंगणात, थर्मासमधली कॉफी पीत.

खेळ कळायला अवघड नाही. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्याच्या हाती. टीव्हीवर सगळ्यांचं लक्ष चेंडूवाल्याकडे असतं, पण काकांनी मला पहिल्यापासून त्याच्या पुढे उभ्या असलेल्या रांगेकडे बघायला शिकवलं. दीडशे किलोच्या आसपासची पाच पोरं, त्यांच्या हातात चेंडू जवळजवळ कधीच येत नाही. समोरच्याला रेटायचं, वाट करून द्यायची आणि पडलेल्या गड्याला हात देऊन उठवायचं, एवढंच त्यांचं काम. कबड्डीत साखळी धरणारे जसे, तसे हे. चेंडू घेऊन पळणाऱ्या ब्लेक कोरमचं नाव सगळ्यांच्या तोंडी असायचं. मला आवडायचा तो 65 नंबरचा झॅक झिंटर.

या दोघांचं परत येणं हीच खरी या मोसमाची सुरुवात. 2021 आणि 2022, दोन्ही वर्षी मिशिगन शेवटच्या चार संघांत पोचलं आणि उपांत्य फेरीत हरलं. दुसऱ्या वेळी कोरम गुडघ्याच्या दुखापतीमुळे बाहेर होता. दोघांनाही व्यावसायिक लीगची वाट मोकळी होती, तरी दोघंही आणखी एका वर्षासाठी कॉलेजात थांबले.

कॉलेज फुटबॉलचं गणित फार निर्दय आहे. नियमित मोसमात सामने फक्त बारा, आणि तेव्हा राष्ट्रीय विजेतेपदासाठी चारच संघ निवडले जायचे (2024 पासून बारा झाले). एक हार झाली की सगळं टांगणीला. त्याच वर्षी फ्लोरिडा स्टेटने तेराच्या तेरा सामने जिंकले, तरी निवड समितीने त्यांना बाहेर ठेवलं. त्या पोरांचे चेहरे टीव्हीवर पाहून मला भरून आलं होतं. मिशिगनची नसूनही.

सप्टेंबर-ऑक्टोबर सोपे गेले. प्रतिस्पर्धी कच्चे होते आणि आम्ही गणपती-नवरात्रात गुंतलो होतो. मग बातमी आली. पुढच्या प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यांना माणसं पाठवून त्यांचे प्रशिक्षक बाहेरून खेळाडूंना करतात त्या खुणा टिपल्याचा आरोप मिशिगनच्या एका कर्मचाऱ्यावर झाला. दुसऱ्यांच्या सामन्यांना असं माणूस पाठवणं नियमात बसत नाही. प्रमुख प्रशिक्षक जिम हार्बॉ मोसमाचे पहिले तीन सामने वेगळ्या प्रकरणात बाहेर बसले होतेच, आता नियमित मोसमाच्या शेवटच्या तीन सामन्यांनाही त्यांना बंदी झाली. गल्लीतले लोक चिडले. मी नाही चिडले. नियम मोडला असेल तर शिक्षा व्हायलाच हवी, आणि तो डाग या मोसमावर राहणार हे मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं. जीव तुटत होता तो पोरांसाठी.

बंदी जाहीर झाली शुक्रवारी, 10 नोव्हेंबरला, संघ पेन स्टेटच्या वाटेवर असताना. शनिवारी दुपारी सामना, आणि रविवारी आमचं अभ्यंगस्नान आणि लक्ष्मीपूजन. मी चकल्या तळत होते, लॅपटॉप ओट्यापासून लांब मिक्सरवर टेकवलेला. उत्तरार्धात मिशिगनने चेंडू फेकणंच सोडून दिलं. सलग 32 वेळा फक्त पळाले. प्रत्येक वेळी तीच रांग, तोच रेटा, चार यार्ड, पाच यार्ड. समोरच्यांना काय येणार ते माहीत होतं, तरी अडवता आलं नाही. शेवटी 24-15. हार्बॉंच्या जागी उभ्या असलेल्या शेरोन मूर यांना कॅमेऱ्यासमोर बोलता येईना, रडायलाच लागले. माझा एक घाणा करपला.

पुढच्या शनिवारी मेरीलँडला हरवून मिशिगनचे एक हजार विजय पूर्ण झाले. इतके विजय मिळवणारं हे पहिलंच कॉलेज. पण त्या रात्री ॲन आर्बरमधलं एकही मराठी घर त्यावर बोलत नव्हतं. पहाटे साडेतीनला अहमदाबादला क्रिकेट विश्वचषकाची अंतिम लढत सुरू होणार होती. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. सलग दहा जिंकलेला आपला संघ अकराव्याला हरला. ट्रॅव्हिस हेड खेळत राहिला आणि आमच्या खोलीतले दहा जण एकेक करून गप्प झाले. सकाळी सांगलीला फोन केला तर बाबा म्हणाले, "दहा जिंकून काय करायचं बाळा?" आणि फोन आईकडे दिला.

सहा दिवसांनी ओहायो स्टेट. दोघंही 11-0. काकूंना थंडी सोसणार नव्हती म्हणून काकांनी त्यांचं तिकीट मला दिलं. हे स्टेडियम बाहेरून बुटकंच दिसतं, कारण बरंचसं जमिनीत खोदलेलं आहे. फाटकातून आत गेलात की पायाखाली एकदम पायऱ्यांच्या रांगा उतरत जातात. आपल्याकडच्या एखाद्या प्रचंड बारवेच्या काठावर उभं राहावं तसं, फक्त तळाशी पाण्याऐवजी हिरवं मैदान. बाकावर रंगवलेल्या आकड्यांइतकीच जागा आपली. जाड कोटात ती पुरत नाही, म्हणून सगळे जरासे तिरके बसतात, आणि थोड्या वेळाने सगळे उभेच असतात.

तिसऱ्या भागात सामना 17-17 असताना झिंटर पडला. मी रांगेकडेच बघत होते, त्यामुळे तो पडताना दिसला. पाय मोडला होता. लाखभर माणसांचा आवाज बंद होतो तेव्हा झेंड्यांच्या दोऱ्या वाजलेल्या ऐकू येतात. दोन्ही संघांची पोरं गुडघ्यावर बसली. त्याला गाडीवर घालून नेलं. काका काही बोलले नाहीत, हातमोजा काढून त्यांनी डोळे पुसले.

आणि अगदी पुढच्याच चालीवर कोरमने चेंडू घेतला, झिंटरविना उभ्या राहिलेल्या त्या रांगेने वाट काढली आणि तो 22 यार्ड पळत थेट शेवटच्या रेषेच्या आत गेला. टचडाऊन. आत पोचल्यावर बोटांनी खूण केली : सहा, पाच. पासष्ट. काकांनी मला मिठी मारली. चार वर्षांत भेटता-निघताना आम्ही एकमेकांना फक्त हात हलवला होता. शेवटच्या अर्ध्या मिनिटात रॉड मूरने ओहायोचा चेंडू हवेतच पकडला आणि सामना संपला, 30-24.

आमच्या बिग टेन गटाच्या अंतिम सामन्यात आयोवाला 26-0 हरवणं ही औपचारिकताच ठरली. रोझ बोलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय उपांत्य सामन्यात, मात्र अलाबामाने आम्हाला पुरतं घामाघूम केलं. सात गुणांनी मागे, चौथा प्रयत्न, दोन यार्ड हवेत. चेंडू फेकला तो कोरमकडेच, आणि तो 27 यार्ड घेऊन गेला. दीड मिनिट उरलं असताना बरोबरी, मग जादा खेळात कोरमचा टचडाऊन, आणि अलाबामाचा अखेरचा प्रयत्न आमच्या बचावाच्या रांगेतल्या पोरांनी रेषेच्या अलीकडेच दाबून टाकला. 27-20. मी त्या वेळी देवघरासमोर बसले होते. पडद्याकडे बघवत नव्हतं.

8 जानेवारीला ह्यूस्टनमध्ये वॉशिंग्टनला 34-13 हरवलं आणि 1997 नंतर पहिल्यांदा मिशिगन राष्ट्रीय विजेतं झालं. मध्यरात्री साउथ युनिव्हर्सिटी रस्त्यावर आले तर पोरंच पोरं. कोण कोणाला मिठ्या मारतंय, कशाचा पत्ता नाही. एका दुकानाच्या पायरीवर उभी राहून मी बाबांना फोन लावला. तिकडे सकाळ होती, चहा चालला होता.

"जिंकली का गं तुझी पोरं?"

"जिंकली बाबा."

"शेवटचापण?"

"शेवटचापण."

जरा वेळ ते काही बोलले नाहीत. मागे आईने रेडिओ बारीक केलेला ऐकू आला.

"किती झाले मग?"

"पंधरा. पंधराच्या पंधरा."

"थांब," ते म्हणाले, "आईला सांगतो."