कासला निघालाय? दुपारी दोनच्या आत खाली या

हस्त नक्षत्र लागून दोनच दिवस झाले होते. कासच्या पठारावरची फुलं बघायला पहाटे पाचला पुण्यातून निघालो तेव्हा आकाश निरभ्र होतं, अगदी चांदण्या दिसत होत्या. बायकोने छत्री गाडीत टाकली म्हणून मी तिला हसलो. त्या दिवसातलं माझं शेवटचं हसू ते.

आदल्या रात्री हवामान खात्याचा अंदाज पाहिला होता. साताऱ्याला पिवळा रंग, म्हणजे सावध राहायचा इशारा, आणि ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस’. तुरळक म्हणजे किरकोळ, असंच मी आजवर धरून चाललो होतो. पण तो शब्द पावसाच्या जोराचा नसतो, जागांचा असतो. पाव किंवा त्याहून कमी ठिकाणी पडणार असेल तर तुरळक. जिथे पडेल तिथे मात्र तो बदाबदा कोसळू शकतो.

खंबाटकी चढून उतरलो आणि सातारा यायच्या आधी चहाला थांबलो. हॉटेलासमोर ताडपत्रीवर सोयाबीन पसरत होते मालक. निम्मं पोतं रिकामं केलं आणि तोंड परत बांधून ठेवलं. मी विचारलं, “काका, निम्मंच का?”

“दुपारी गोळा बी मलाच करायचंय की, पाव्हणं. सकाळधरनं अंगाला चिकचिक हाय. दोनच्या सुमाराला येतंय बघा.” मग गाडीकडे पाहून म्हणाले, “कासला निघालाय न्हवं? दोनच्या आत खाली या.”

ऐकायला हवं होतं.

साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढताना धुकं इतकं दाट की पुढच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसत होते. आठच्या सुमाराला पठारावर पोचलो आणि धुकं उचललं. ओल्या कातळावर सीतेच्या आसवांची निळी-जांभळी साय पसरलेली, मधून मधून गेंदाचे पांढरे ठिपके, कडेला पिवळी सोनकी. गुडघे टेकून पाहिलं तेव्हा कळलं, सीतेच्या आसवांचं एकेक फूल नखाएवढंही नाही. आणि हे झाड कीटकभक्षी. कातळावरच्या पाण्यातले बारीक जीव ते मुळाशी असलेल्या पिशव्यांत ओढून घेतं. जांभ्यावर मातीचा थर बोटभर, त्यामुळे त्याचं सगळं गणित त्या ओलीवर. चार-पाच दिवस कडक उन्हाचे गेले की गालिचा विरायला लागतो. म्हणून ‘आठवडाभर कोरडं हवामान’ हा अंदाज वाचून खूश होऊ नका. तुम्हाला ऊन-पावसाचा खेळच हवा आहे, फक्त त्यातली उन्हाची बाजू गाठायची आहे.

अकरापर्यंत ऊन असं चटचटायला लागलं की मे महिना वाटावा. टोपी नव्हती. बाराला पूर्वेला, म्हणजे सातारा शहराच्या बाजूला, फुलकोबीच्या गड्ड्यासारखे ढग वर चढू लागले. इथेच आम्ही फसलो. जून-जुलैत कासवर पाऊस येतो तो पश्चिमेकडून, कोयनेच्या बाजूने, म्हणून आम्ही तिकडेच बघत बसलो. परतीच्या पावसाच्या दिवसांत वारं फिरतं. हवेत ओल अजून असते, सकाळच्या उन्हाने जमीन तापते, ती ओलसर हवा सरळ वर जाते आणि दुपारनंतर गडगडाटासह खाली येते.

दीडला पहिली वीज चमकली. आवाज यायला नऊ सेकंद लागले. तीन सेकंदांना एक किलोमीटर या हिशोबाने वीज तीन किलोमीटरवर होती. खरं तर हे अंतर तीस सेकंदांचं असतानाच माणसाने गाडीत जाऊन बसायला हवं. उघड्या पठारावर सगळ्यांत उंच वस्तू आपणच असतो. बायकोने छत्री उघडली नाही, मिटून काखेत मारली आणि पळाली. ती माझ्यापेक्षा शहाणी आहे हे मी आधीही मान्य केलेलं आहे. गाडीपर्यंत पोचेस्तोवर बुटांत पाणी. पाऊण तास काचेपलीकडे काही दिसत नव्हतं, आणि नंतर घाटात लाल पाण्याचे लोट. ‘पडेल हत्ती तर कोसळतील भिंती’ असं आजी का म्हणायची ते तेव्हा कळलं. हादग्याला पाटावर हत्ती काढायचा तो याच नक्षत्राचा.

दुसऱ्या दिवशी शहाणपण आलं. साडेसहाला सज्जनगड, तिथून ठोसेघर, साडेबाराला चाळकेवाडीच्या पवनचक्क्या बघून परत. दोनला मुक्कामी जेवत होतो, सव्वादोनला बाहेर ढग गडगडले. ठोसेघरला पाणी अजून भरपूर आहे, पण कठड्याजवळचा दगड शेवाळलेला आहे. चपला घालून जाऊ नका.

येत्या आठवड्यात जाणार असाल तर अंदाजात फक्त ‘सातारा’ बघून थांबू नका. घाटमाथ्याचा इशारा वेगळा दिलेला असतो, कासला तो लागू. पिवळ्याला घाबरून बेत रद्द करायची गरज नाही, पहाटे निघा म्हणजे झालं. पण बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होऊन पश्चिमेला सरकतंय असं वाचलंत तर दोनचा नियम विसरा. तेव्हा पाऊस घड्याळ बघत नाही, दिवसभर पडतो, आणि वर धुक्याशिवाय काही दिसत नाही. घाटाला केशरी किंवा लाल इशारा दिसला तर सरळ घरी भजी तळा. निघायच्या दिवशी तीन तासांचा ताजा इशारा आणि विजेसाठी ‘दामिनी’ ॲप पाहून घ्या, पण घाट चढायच्या आधी, कारण वर रेंज जाते-येते.

मुंबई-पुण्यातून मोसमी पाऊस माघारी फिरण्याची सरासरी तारीख ८-९ ऑक्टोबर. त्यानंतर गेलात तर वीज-पावसाचा त्रास कमी, पण उन्हाचा वाढलेला आणि फुलंही ओसरलेली. प्रवेशाची वेळ ऑनलाइन नोंदवताना पहिलीच घ्या. शनिवार-रविवारी जाऊच नका, फुलांपेक्षा माणसं जास्त असतात. डोक्याला टोपी, छत्रीऐवजी रेनकोट, गाडीत मोज्यांचा एक जादा जोड. ओल्या मोज्यांनी पुण्यापर्यंत येणं काय असतं ते मला विचारा.

तिसऱ्या दिवशी परतताना त्याच हॉटेलात थांबलो. ताडपत्री घडी करून ठेवलेली, पोती भिंतीशी रचलेली. पूर्वेला पुन्हा ढग चढत होते. “वाळलं, भरलं,” काका म्हणाले आणि चहा ओतायला लागले. “आता पडूं दे की किती पडायचं ते.”