मी काही केलं नाही

रविवारी दुपारी वरणावर फोडणी पडायची आणि फोन वाजायची वेळ एकच असते. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू. "जेवलात का गं?" हे पहिलं वाक्य, आणि उत्तराची वाट न बघता दुसरं, "मी काही केलं नाही हं. आपोआपच झालं."

काय झालंय ते मला अजून कळलेलं नसतं. मिक्सर बिघडला तर माणूस सरळ म्हणतो, मिक्सर बिघडला. शेगडी पेटली नाही की शेगडीला चार शब्द सुनावतो. कॉम्प्युटर आणि मोबाइल या दोनच वस्तू अशा, की तक्रार करणारा आधी जामीन मागतो आणि मग तक्रार सांगतो.

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या चार मजली, लिफ्ट नसलेल्या इमारतीत मी 'कॉम्प्युटरवाली ताई' आहे. या पदासाठी माझी पात्रता भिंतीवर चौकटीत लावलेली आहे : एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र. २००१मध्ये एमकेसीएल या संस्थेने हा कॉम्प्युटर शिकवणारा कोर्स सुरू केला आणि बघता बघता शिवणक्लासच्या पाटीशेजारी त्याची पाटी दिसायला लागली. ऑफिसात सगळेच करताहेत म्हणून २००३मध्ये मीही केला. त्याच वर्षी आम्ही लॅमिंग्टन रोडला जाऊन सुटे भाग जोडून घेतलेला कॉम्प्युटर आणला, तोही लोकलने. ग्रँट रोडहून दादर, दादरचा पूल, मग ठाणे स्लो. ह्यांच्या मांडीवर पंधरा इंची काचेचा मॉनिटर, माझ्या मांडीवर सीपीयू. भांडुप गेल्यावर समोरच्या बाईंनी न राहवून विचारलं, "टीव्ही केवढ्याला पडला?" घरी आल्यावर त्याला भरतकामाचं कव्हर शिवलं. त्याच्या खोलीत चपला नेत नसू. देवघरालाही आमच्याकडे एवढा मान नव्हता.

त्या काळी आपोआप काही होत नसे, हे मात्र खरं. इंटरनेट दिवसातून अर्धा तास, तेही फोन अडकवून. बाकी वेळ ते यंत्र सांगितल्याबाहेर काही करत नव्हतं. त्यामुळे कोणी "आपोआप झालं" म्हटलं की माझ्यातला फौजदार जागा व्हायचा. "काय दाबलंत?" हा माझा पहिला प्रश्न. आणि काहीतरी दाबलेलं असायचंच.

एकदा पहिल्या मजल्यावरून बोलावणं आलं. कॉम्प्युटर उलटा दिसतोय म्हणे. गेले तर पडद्यावर सगळं अगदी सरळ! तिथल्या काकूंनी धान्याच्या दोन डब्यांच्या आधाराने मॉनिटरच डोक्यावर उभा केला होता आणि काका दोन दिवस तशीच पत्रं लिहीत होते. नातवाने कंट्रोल, ऑल्ट आणि खाली जाणारा बाण एकदम दाबला होता. तेव्हाच्या बऱ्याच मशीनवर तेवढ्याने पडदा उलटा व्हायचा. पुन्हा तीच दोन बटणं आणि वर जाणारा बाण दाबला की सरळ. मी तो दाबला, आणि मग डब्यांवरचा मॉनिटर उलटा दिसायला लागला. काका माझ्याकडे असे बघत होते, की मीच बिघडवला.

दुसऱ्या एका घरी 'कॉम्प्युटर अक्षरं खातो' अशी तक्रार होती. मधे एक शब्द घालायला जावं तर पुढची अक्षरं गिळली जायची. इन्सर्ट नावाचं बटण कोपराने दाबलं गेलं होतं, एवढंच. आणि रिफ्रेशबद्दल तर बोलायलाच नको. कॉम्प्युटर सुरू झाला की मोकळ्या जागी उजवं क्लिक करून पाच-सहा वेळा रिफ्रेश करायचं हा आपल्याकडचा आचार आहे. त्याने पडद्यावरच्या चित्रांची मांडणी पुन्हा रंगवली जाते, वेग तसूभर वाढत नाही. पण जेवायच्या आधी ताटाभोवती पाणी फिरवणाऱ्याला आपण कारण विचारतो का? मीही करते.

एका काकांनी ५०० जीबीची हार्ड डिस्क घेतली आणि तिच्यातले पस्तीस जीबी आपोआप गेले म्हणून पावती दोन महिने जपून ठेवली होती. कॉम्प्युटर ४६५ दाखवत होता. त्यांना ग्राहक मंचात जायचं होतं. मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४च्या पटीत मोजतं, आणि दोघंही त्याला जीबीच म्हणतात. जागा तेवढीच आहे, मापटी दोन आहेत. वाण्याकडच्या मापट्याने घेतलेलं धान्य घरच्या मापट्याने मोजल्यासारखं. मोठ्या डिस्कला तफावतही मोठी, १ टीबीचे ९३१ जीबी दिसतात. काकांनी सगळं नीट ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाले, "म्हणजे फसवलंच." यावर मला आजतागायत उत्तर सुचलेलं नाही.

तर अशी माझी फौजदारी सुखाने चालली होती. हळूहळू लक्षात यायला लागलं की आरोपी खरं बोलताहेत.

चौथ्या मजल्यावरचे आजोबा शिस्तीचे. रोज रात्री दहाला कॉम्प्युटर बंद करणार. तरी तो अडकायचा, आणि मी प्रत्येक वेळी विचारायची, "बंद करून चालू केलात का?" ते बिचारे म्हणायचे, "रोजच करतो." मी मनात म्हणायची, करत नसणार. ते करत होते. २०१२च्या विंडोज ८पासून बऱ्याच मशीनवर शटडाउन म्हणजे पूर्ण बंद नसतंच. सकाळी लवकर सुरू व्हावं म्हणून यंत्र आपल्या पोटातली अवस्था डिस्कवर लिहून ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी तीच उचलतं, गुंत्यासकट. पाटी खरी कोरी होते ती रीस्टार्टने. म्हणजे आजोबा त्याला रोज वेळेवर झोपवत होते, पण अंघोळ कितीतरी दिवसांत घातलेली नव्हती. हे त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग बटणावर 'बंद' कशाला लिहिलंय?"

याच आजोबांचा कॉम्प्युटर पुढे आपोआप म्हातारा झाला. आदल्या दिवशी धडधाकट, आणि १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ला कंपनीकडून मिळणारा नेहमीचा आधार संपला. नवी आवृत्ती घ्यावी तर तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, ती त्यात नाही. "अरे पण बिघडलंय काय?" ते विचारत राहिले. काही नाही, आजोबा. तुमच्यासारखाच तोही निवृत्त झाला, वयोमानानुसार.

आणि ते स्टार्टचं बटण! १९९५पासून डाव्या कोपऱ्यात होतं (विंडोज ८मधला गोंधळ सोडून द्या). २०२१मध्ये विंडोज ११ आलं आणि ते मधे येऊन बसलं. देव्हाऱ्यातला गणपती कोणीतरी रात्रीत सरकवावा तसं. आमच्या इमारतीत त्यावरून तीन फोन आले आणि तिघांनीही शपथेवर सांगितलं की आम्ही हात लावला नाही. मोबाइलचंही तेच. रात्री चार्जिंगला लावलेला फोन सकाळी उठतो तो नवीन तोंड घेऊन. व्हॉट्सॲपवर आलेला प्रत्येक सुप्रभातचा गुलाब आपण सेटिंग बदललं नाही तर फोनमध्ये उतरून बसतो, आणि मग फोन म्हणतो जागा संपली. कोणी काय केलं? कोणीच काही नाही. सकाळ झाली, एवढंच.

माझा फौजदाराचा आवाज पुरता उतरला तो मात्र दुसऱ्याच प्रसंगाने. शेजारच्या इमारतीतल्या एका मावशींच्या खात्यातून पैसे गेले. त्यांनी दोन दिवस कोणालाच सांगितलं नाही. का, तर सगळे विचारतील, "काय दाबलंत?" अशा वेळी लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावायचा असतो. जितक्या लवकर कळेल तितके ते पैसे पुढे सरकण्याआधी रोखता यायची शक्यता जास्त. दोन दिवस म्हणजे फारच झाले. त्यानंतर तो प्रश्न मी विचारायचा सोडला. आता विचारते, "पडद्यावर काय दिसतंय?"

तर त्या रविवारी वरण झाकून मी तिसऱ्या मजल्यावर गेले. काकूंच्या लॅपटॉपचा पडदा स्वच्छ, सारवलेल्या अंगणासारखा. त्यावरच्या सगळ्या फाइली गेलेल्या. त्यात त्यांच्या आईच्या हातच्या पाककृती होत्या, काकूंनी एकेका बोटाने टंकलेल्या. भानोळी, सांदण, कुठल्याशा कडू लिंबाच्या चटणीसकट.

पाच मिनिटांत उलगडा झाला. हल्ली नव्या लॅपटॉपबरोबर क्लाउडची सोय येते. ती पडद्यावरच्या फाइली उचलून आपल्या कोठारात नेऊन ठेवते आणि आपल्याला वाटतं त्या जागच्या जागीच आहेत. फुकटची जागा ५ जीबी. लग्नाचे फोटो शिरले की ती भरते, मग सूचनांचा भडिमार सुरू होतो, आणि वैतागून ती सोयच बंद करायला जावं तर फाइली त्या कोठारातच राहतात आणि पडदा रिकामा दिसतो. मी तो फोल्डर उघडला. सांदण होतं, भानोळी होती, चटणीही होती.

मग मी मुद्दाम काकांनाही स्वयंपाकघरातून बोलावलं आणि दोघांसमोर सांगितलं, "काकू, तुम्ही खरंच काही केलं नव्हतं. त्यानेच केलं."

काका ओशाळले. तीन दिवस ते काकूंना त्यावरून बोलत असणार. काकूंनी आधी काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला सोलकढीचा पेला आणून दिला. दाराशी चपला घालत होते तेव्हा मागून हळूच आल्या आणि म्हणाल्या,

"तसं एकदा 'ओके' दाबलं होतं मी. पण ते तर सगळेच दाबतात. नाही का गं?"