मुक्कामी गाडी, १:२४ : टपापर्यंत पोहोचलो

मागच्या वेळी लिहिलं तेव्हा माझ्या एसटीच्या मॉडेलची (खऱ्या गाडीच्या एक-चोविसांश) चासी आणि चाकं एवढंच झालं होतं. आता बॉडी उभी आहे, लाल रंगाचा पहिला हात बसलाय आणि टपावरचं कॅरियर अर्धं झालंय. पुढचं काम मात्र एका वेगळ्याच ठिकाणी अडकलंय, ते शेवटी सांगतो.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात: हा तीन गाड्यांचा संच आहे. पहिली, १ जून १९४८ ला पुणे–नगर मार्गावर धावलेली एसटी. बेडफर्डची गाडी, लाकडी बॉडी, काथ्याच्या सीट. ती दिवाळीत पूर्ण झाली. निळा-चंदेरी रंग बघून घरच्यांनी ‘ही कुठली एसटी?’ म्हणून तिला शोकेसच्या खालच्या कप्प्यात ढकललं. दुसरी नव्वदच्या दशकातली लाल-पिवळी, आमच्या गावात मुक्कामाला यायची ती. तिसरी विजेवरची.

दुसरीसाठी २२२ इंची व्हीलबेस धरला, म्हणजे १:२४ ला साडेतेवीस सेंटिमीटर. बॉडी तीन मिमी सनबोर्डची, म्हणजे फोमच्या पातळ शीटची. पहिल्यांदा खिडक्या अंदाजाने कापल्या आणि शेवटची खिडकी थेट मागच्या चाकाच्या कमानीत घुसली. ती बाजू टाकून दिली. आता आधी कमानी आखतो, मग खांब, मग खिडक्या. जे शेवटी उरेल ते मागच्या लांब सीटच्या वाट्याला.

नुसता सनबोर्ड रंगवला की गाडी जत्रेतल्या खेळण्यासारखी दिसते. एसटी म्हणजे रिव्हेट. म्हणून थंड पेयाच्या कॅनचा पत्रा कापला, छापील रंग पॉलिश पेपरने घासून काढला आणि रिफिल संपलेल्या बॉलपेनाने मागून टोचत गेलो. खाली जुनी रबरी चप्पल घ्या, लाकडावर टोचलं तर पत्रा फाटतो. पाच मिमीवर एक टोचा. एका बाजूचे चारशे बारा मोजले, मग मोजणं सोडलं. प्राइमरशिवाय रंग मारू नका, माझा पहिला हात नखाने सोलून निघाला. रंग साधा पीओ रेड, म्हणजे पोस्टाच्या पेटीचा लाल, पण त्यात थेंबभर पांढरा. उन्हात उभी राहिलेली एसटी डब्यातल्या रंगाइतकी लाल कधीच नसते.

नंबरावर अजून विचार चाललाय. आपल्यातल्या जाणकारांना सांगायला नको: नंबरप्लेटवर ‘एमएच’नंतरच्या आकड्यावरून गाडी एसटीच्या कुठल्या कार्यशाळेत बांधली ते कळतं. १४ दिसला की दापोडी, २० दिसला की चिकलठाणा, ४० दिसला की हिंगणा. पण माझी गाडी त्याच्याही आधीची आहे, त्यामुळे पुण्याचा १२ टाकायचं जवळजवळ ठरलंय.

टपावर सगळ्यात जास्त वेळ गेला. कॅरियर आणि मागची शिडी तांब्याच्या तारेची, डाग देऊन जोडलेली. वर ठेवायला बाजाराच्या दोन पाट्या, एक सायकल आणि कोंबड्यांची डालगी केली. डालगी विणायला केरसुणीच्या काड्या लागल्या. हे सगळं करताना जाणवलं की त्या गाडीची अर्धी रचना गावच्या सामानाने ठरवलेली होती. आठवडी बाजाराला निघालेल्या माणसाची पाटी आत मावत नाही, म्हणून टप, आणि टपावर चढायला शिडी. घंटीची दोरी पुढपासून मागपर्यंत, कारण कंडक्टर गर्दीत कुठेही अडकलेला असायचा.

आमची गाडी रात्री साडेआठला यायची. पिंपळाच्या पारापाशी कंडक्टर खाली उतरून पत्र्यावर थाप मारत ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणायचा आणि ड्रायव्हर तिला उलटी लावायचा. दोघांना कुणाच्या तरी घरून भाकरी यायची. कंडक्टर पैशांची पिशवी उशाला घेऊन गाडीतच झोपायचा. सकाळी सहाला दुधाचे कॅन, शाळेची पोरं आणि तालुक्याला तारखेला निघालेली म्हातारी, सगळे एकाच गाडीत. २०२० च्या टाळेबंदीत गाडी बंद झाली, मग २०२१–२२ चा लांबलेला संप. नंतर दिवसाच्या फेऱ्या आल्या, मुक्काम परत आला नाही. आगारात दोनदा अर्ज दिला. पोच मिळाली. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झाल्यावर दुपारच्या गाडीला उभं राहायला जागा नसते, पण पहाटे कॉलेजला निघणाऱ्या पोरीला त्याचा काय उपयोग?

आता अडलेलं काम. तिसऱ्या गाडीसाठी आधी बारा मीटरची इलेक्ट्रिक धरली होती, म्हणजे बरोबर पन्नास सेंटिमीटर. १ जून २०२२ ला एसटीने ‘शिवाई’ ही आपली पहिली इलेक्ट्रिक गाडी मुद्दाम पुणे–नगरलाच सोडली होती, त्यामुळे संच जुळला असता. पण पुठ्ठ्याचा साचा गाड्या मांडायला केलेल्या पाराच्या देखाव्यावर ठेवला तर ती वळेचना. मागचं टोक थेट देवळाच्या पायरीवर. एसटीने भाडेतत्त्वावर मागवलेल्या ५१५० इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये नऊ मीटरच्याही आहेत, तो साचा साडेसदतीस सेंटिमीटर. तो वळतो. तेव्हा नऊ मीटर पक्की.

आणि मग लक्षात आलं, ही मुक्काम करणार तर चार्ज कुठे होणार? चार्जर आगारात. गाडी रात्री आगारात परतली तर सकाळी सहाला गावातून सुटायला पहाटे रिकामी यावी लागेल, आणि रिकामे किलोमीटर कोण मंजूर करतो? नाहीतर चार्जर गावात हवा. देखाव्यात डीपी, म्हणजे गावचा विजेचा ट्रान्सफॉर्मर आहे, पाराच्या मागे. त्याच्याशेजारी चार्जरची पेटी चांगली दिसते. फक्त आमच्या त्या डीपीवर पाण्याच्या चार मोटारी एकदम सुरू झाल्या की देवळातला दिवासुद्धा मिणमिणतो.

पेटी केलीय, आगपेटीएवढी, पांढरी, वर हिरवा दिवा. अजून चिकटवलेली नाही. टाचणीवर उभी आहे.

पुढच्या वेळी शिडीला रंग आणि आतल्या हिरव्या रेक्झिनच्या सीट. रेक्झिनसाठी जुन्या डायरीचं कव्हर चालतं का, कुणी करून पाहिलं असेल तर सांगा.