नवं पुस्तक मागून उघडा

राजकारण, समाज किंवा परराष्ट्र धोरणावरचा नवा ग्रंथ हातात आला की मलपृष्ठावरच्या शिफारशींवर वेळ घालवू नये. त्या पुस्तक छापून येण्याआधी मागवलेल्या असतात आणि देणारे बहुधा त्याच क्षेत्रातले, लेखकाच्या ओळखीचे असतात. सरळ शेवटी जावं. आधी संदर्भसूची, मग टिपा, मग शब्दसूची आणि त्यानंतर पुढं येऊन ऋणनिर्देश. पाऊण तासात पुस्तक घ्यायचं, ग्रंथालयातून आणायचं की सोडून द्यायचं हे ठरतं.

संदर्भसूचीत पहिल्यांदा बघायचं ते मूळ साधनं आणि दुय्यम साधनं यांचं प्रमाण. अभिलेखागारातली दप्तरं, खासगी कागद, मुलाखती, विधिमंडळाची कार्यवाही हे सगळं मूळ साधनांत येतं. हा भाग अर्ध्या पानात आटोपला असेल आणि पुढं इतरांच्या पुस्तकांची तीस पानं असतील, तर हाती आहे तो आढावा. आढावा उपयोगी असतोच. फक्त प्रस्तावनेत ‘आजवर न पाहिलेल्या कागदपत्रांवरून’ असं म्हटलं असेल, तर ते खरं धरू नये.

दुसरी गोष्ट भाषेची, आणि मराठी वाचकानं इथं जराही सवलत देऊ नये. महाराष्ट्राच्या राजकारणावरच्या ग्रंथाच्या सूचीत एकही मराठी नोंद नसेल, तर लेखकानं सहकारी कारखाना, जिल्हा बँक आणि आरक्षणाचं आंदोलन मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रांतून पाहिलं आहे. डॉ. आंबेडकरांवर तर इंग्रजीत सतत नवी पुस्तकं येत असतात. त्या पुस्तकांच्या टिपांत आंबेडकरांच्या ‘मूकनायक’ (१९२०), ‘बहिष्कृत भारत’ (१९२७) आणि ‘जनता’ (१९३०) या मराठी पत्रांचे अंक शोधावेत. अंकाची तारीख देऊन मूळ मराठी लेख उद्धृत केलेला असेल, तर लेखक त्या मजकुरापर्यंत पोचला आहे. सगळा हवाला इंग्रजी भाषांतरांचाच असेल, तर आंबेडकरांनी आपल्या माणसांशी आपल्या भाषेत जे बोललं, ते त्या पुस्तकाबाहेरच राहिलं. ही त्रुटी किरकोळ नाही.

आता टिपा. पुस्तकातलं सगळ्यात मोठं विधान निवडायचं, ज्यावर अख्खी मांडणी उभी आहे ते, आणि त्याच्या टिपेचा माग काढायचा. टीप एखाद्या फाइलपाशी पोचली, म्हणजे संग्रहाचं नाव, फाइल क्रमांक, कागदाची तारीख आणि तो कुठं ठेवला आहे हे सगळं दिलेलं असलं, तर पाया पक्का. टीप दुसऱ्या पुस्तकाकडे गेली तर त्या पुस्तकातलं ते पानही उघडावं. तिथली टीप तिसऱ्या पुस्तकाकडे बोट दाखवते, असं बऱ्याचदा होतं. एकाचं अनुमान दुसऱ्याच्या पुस्तकात माहिती होतं आणि तिसऱ्याच्या पुस्तकात निर्विवाद सत्य.

१९७१च्या युद्धावरची दोन पुस्तकं शेजारी ठेवली की टिपा का वाचायच्या ते कळतं. श्रीनाथ राघवन आणि गॅरी बास या दोघांचीही पुस्तकं २०१३ सालचीच. दोघांनीही इंदिरा गांधींचे सल्लागार पी. एन. हक्सर यांचे दिल्लीतले कागद पाहिले आहेत. पण बास यांच्या टिपांत व्हाइट हाऊसच्या ध्वनिफिती जागोजागी आहेत, त्यामुळे त्यांच्या पुस्तकाच्या मध्यभागी अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन, त्यांचे सल्लागार किसिंजर आणि ६ एप्रिल १९७१ची ढाक्याच्या अमेरिकी वाणिज्य वकिलातीतली निषेधाची तार येते. राघवन अनेक देशांची दप्तरं पालथी घालतात, म्हणून त्यांच्याकडे प्रश्नच वेगळा होतो: बांगलादेश अटळ होता का? त्यांचं उत्तर आहे, नव्हता. घटना त्याच, वर्ष तेच, पण कुठली कपाटं उघडली यावरून पुस्तक बदललं. पाकिस्तानची बाजू मात्र कुणालाही अशी आतून पाहता येत नाही. तिथली सरकारी दप्तरं खुली नसल्यानं सेनाधिकाऱ्यांची आत्मचरित्रं आणि पराभवाची चौकशी करणाऱ्या हमूदुर रहमान आयोगाचा २००० साली बाहेर आलेला अहवाल यांवरच भिस्त ठेवावी लागते. १९७१वर उद्या नवं पुस्तक आलं, तर पाकिस्तानच्या बाजूनं नवीन काय हाती लागलं हे आधी बघावं.

चीनबद्दलच्या पुस्तकांत तर दप्तर कधी पाहिलं हेही विचारावं लागतं. चीनच्या परराष्ट्र मंत्रालयानं २००४पासून आपली जुनी कागदपत्रं टप्प्याटप्प्यानं, १९६५पर्यंतची, खुली केली होती. २०१२-१३च्या सुमारास त्यातली बहुतेक पुन्हा बंद झाली. त्यामुळे १९६२च्या युद्धावरच्या नव्या ग्रंथात बीजिंगच्या कागदांचा उल्लेख दिसला, तर लेखक त्या दहा वर्षांत तिथं गेला होता, की त्या काळात कुणी काढलेल्या प्रती वापरतो आहे, हे ऋणनिर्देशात किंवा साधनांवरच्या टिपणात सापडायला हवं. भारतात २५ वर्षांहून जुने सरकारी कागद राष्ट्रीय अभिलेखागारात जावेत अशी तरतूद आहे. व्यवहारात मंत्रालयं ते वेळेवर पाठवत नाहीत, म्हणून आपल्याच परराष्ट्र धोरणाचा इतिहास वॉशिंग्टन आणि लंडनच्या फाइलींतून लिहावा लागतो. अशा पुस्तकात भारताचं मत बहुतेक वेळा परकी राजदूतानं लिहून घेतलेलं असतं, हे वाचताना ध्यानात असू द्यावं.

आकडेवारीच्या पुस्तकांत चुका वेगळ्या होतात. शेवटची जनगणना २०११ची. २०२४-२५ला छापलेल्या ग्रंथातला जिल्हानिहाय तक्ता नवा दिसला तरी आतला आकडा बहुधा तोच जुना असतो किंवा त्यावरून काढलेला अंदाज. ठाण्याचं उदाहरण घ्या. २०११च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांवर आहे, पण त्यात आजचा पालघर जिल्हाही आहे, कारण पालघर वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ला. तक्त्यात ‘ठाणे’ असं नुसतं लिहून पुढं जाणारा लेखक जव्हार-मोखाड्याचं कुपोषण आणि ठाणे शहराचं उत्पन्न एकाच सरासरीत मिसळून टाकतो.

मतदारसंघांचंही तेच. २००९च्या निवडणुकीपासून नवी पुनर्रचना लागू झाली. कराड, इचलकरंजी, एरंडोल, राजापूर, कुलाबा हे लोकसभा मतदारसंघ गेले आणि माढा, हातकणंगले, रावेर, पालघर, मावळ असे नवे आले. २००४ आणि २००९ची मतं मतदारसंघाच्या नावावरून एकमेकांसमोर ठेवलेली दिसली की तिथंच थांबावं. नाव कायम राहिलं तरी हद्द बदललेली असू शकते. तुलना मतदान केंद्रांच्या पातळीवर उतरून केली आहे का, हे परिशिष्टात दिलेलं असतं. गरिबीवरच्या पुस्तकात उपभोग खर्चाची २०११-१२ आणि २०२२-२३ची पाहणी एकाच रेघेत जोडलेली असेल, तरी सावध व्हावं. मधली २०१७-१८ची पाहणी सरकारनं प्रसिद्धच केली नाही, आणि २०२२-२३ला एका भेटीऐवजी प्रत्येक घरी तीन भेटी देऊन माहिती घेतली. मोजण्याची पट्टी बदलली की फरकातला काही भाग पट्टीचा असतो.

ऋणनिर्देशातून पुस्तक कुठल्या प्रबंधातून आलं ते कळतं. भारतीय विद्यापीठाचा प्रबंध असेल तर तो ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या संकेतस्थळावर फुकट मिळण्याची शक्यता बरीच असते. परदेशी प्रबंध त्या त्या विद्यापीठाच्या भांडारात असतो. मूळ पुरावा तिथं जास्त तपशिलानं असतो, पुस्तक करताना तोच कापला जातो.

प्रकाशकाबद्दल थोडक्यात: विद्यापीठीय प्रकाशनसंस्था हस्तलिखित सहसा दोन तज्ज्ञांकडे पाठवतात आणि मग संपादक मंडळ निर्णय घेतं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, असणं ही गुणवत्तेची खूण नाही. आपल्याकडे तो सरकारी संस्थेकडून मोफत मिळतो. प्रबंध जसाच्या तसा छापून देणारे प्रकाशकही तो लावतातच.

किमतीला घाबरून पुस्तक सोडू नये. पहिली हार्डबाउंड आवृत्ती मुख्यतः ग्रंथालयांसाठी असते, म्हणून ती अनेकदा ऐंशी-नव्वद पौंडांची असते. वर्ष-दीड वर्षात पेपरबॅक येते आणि भारतीय आवृत्ती निघाली तर किंमत कितीतरी खाली येते. तोवर केंब्रिज विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेच्या संकेतस्थळावर बऱ्याच पुस्तकांची सुरुवातीची पानं, एक उतारा आणि शब्दसूची मोफत असते, म्हणजे वरची निम्मी तपासणी तिथंच होते. लंडनच्या यूसीएल प्रेसची पुस्तकं आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ल्युमिनॉस मालिकेतली पुस्तकं पूर्ण, कायदेशीर आणि मोफत उतरवता येतात. ‘डिरेक्टरी ऑफ ओपन ॲक्सेस बुक्स’वर अशी हजारो सापडतात. पुण्यात गोखले संस्थेचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय या विषयांसाठी पहिलं ठिकाण. २०२५पासून सुरू झालेली केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना नियतकालिकांची आहे, तिथं पुस्तकांची अपेक्षा धरू नये. मात्र बहुतेक लेखक पुस्तकाआधी त्याच विषयावर एखाददोन शोधनिबंध छापतात, आणि मुख्य मांडणी त्यात असते. या योजनेत असलेल्या महाविद्यालयाच्या जोडणीवरून ते वाचता येतात.

संपादित ग्रंथ शक्यतो विकत घेऊ नयेत. परिसंवादातले बारा-पंधरा निबंध एकत्र बांधलेले असतात, त्यातले दोन-तीन टिकाऊ निघतात. तेवढे ग्रंथालयात बसून वाचावेत.

परीक्षणांच्या बाबतीत धीर धरावा. पहिल्या महिन्यातली वर्तमानपत्री परीक्षणं पुस्तकात काय आहे ते सांगतात. अभ्यासकांची परीक्षणं यायला वर्ष-दोन वर्षं जातात, पण चूक कुठं आहे ती तिथं कळते. परराष्ट्र धोरणाच्या पुस्तकांसाठी एच-डिप्लो या अभ्यासकांच्या ऑनलाइन मंचावरच्या चर्चा मोफत वाचायला मिळतात: तीन-चार अभ्यासक एकाच पुस्तकावर लिहितात आणि शेवटी लेखक सगळ्यांना उत्तर देतो. आधी ते उत्तर वाचावं. लेखकानं जे आक्षेप मान्य केले असतील, ते आपल्या प्रतीत त्या त्या पानाच्या समासात पेन्सिलीनं उतरवून ठेवावेत.