बाराशे वाती

२०१६ च्या एप्रिलमध्ये मी लातुरातल्या एका डायलिसिस केंद्रात तंत्रज्ञ म्हणून काम करीत होतो. मांजरा धरण कोरडे पडले होते आणि पाणी भरण्याच्या ठिकाणी पाचपेक्षा जास्त लोकांनी जमू नये, असा जमावबंदीचा आदेश मार्चमध्येच निघाला होता. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे १० वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन आली. मी सांगतो तो दिवस त्यानंतरच्या सोमवारचा.

डायलिसिस म्हणजे मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाचे रक्त यंत्राने शुद्ध करणे, आणि त्याला किती पाणी लागते, याची बाहेरच्या माणसाला सहसा कल्पना नसते. यंत्रातून मिनिटाला अर्धा लिटर द्रव वाहतो. म्हणजे चार तासांत एका रुग्णामागे १२० लिटर. हे पाणी एका पातळ पडद्यापलीकडून थेट रक्ताच्या शेजारून जात असल्यामुळे टँकरचे पाणी तसेच वापरता येत नाही, कारण त्यातले क्लोरीन रक्तात उतरले तर तांबड्या पेशी फुटतात. म्हणून ते वाळूच्या, मग कोळशाच्या गाळणीतून जाते, त्याचा जडपणा काढला जातो आणि शेवटी आरओतून जे शुद्ध पाणी मिळते, त्याच्या जवळपास तेवढेच खारट पाणी बाहेर टाकावे लागते. (त्या उन्हाळ्यात ते खारट पाणीही आम्ही टाकत नव्हतो, नातेवाईक कॅन घेऊन येत आणि धुण्याभांड्यांसाठी घरी नेत.) ज्या माणसाला दिवसभरात जेमतेम पाऊण लिटर पाणी प्यायची मुभा, त्याच्यासाठी आम्ही दर खेपेला एवढे पाणी शोधत होतो.

आमच्याकडे सहा यंत्रे होती. सकाळची शिफ्ट कशीबशी पार पडली आणि साडेदहाला टाकी तळाला गेली. सात वाजता येणारा टँकर आलाच नव्हता. चालकाला फोन लावला की तो ‘अर्ध्या तासात’ म्हणे आणि मी बाहेर जाऊन तेच सांगे. दवाखान्यात कोणत्याही प्रश्नाला अर्धा तास हेच उत्तर देण्याची आम्हाला सवय असते. नातेवाइकांनाही ती ठाऊक असते, म्हणून ते पुन्हा विचारीत नाहीत.

बाहेरची खोली म्हणजे खरे तर एक बोळ होता. भोकाभोकांची लोखंडी बाकडी, बंद पडलेला टीव्ही आणि एक पंखा. एरवी मी तिथून चपला वाजवीत जात असे. त्या दिवशी आत करण्यासारखे काही नसल्यामुळे पहिल्यांदाच तिथे बसलो. वेळ काढणे हेही एक कसब आहे, हे तेव्हा ध्यानात आले. एक जण तंबाखू मळायचा, ती पुडीत परत ठेवायचा आणि थोड्या वेळाने पुन्हा मळायचा. दोन सुना शेंगा सोलीत होत्या. एक मुलगा मोबाइलची बॅटरी वाचवण्यासाठी तो दर दहा मिनिटांनी बंद करी आणि लगेच चालू करून किती उरली ते बघे.

औसा तालुक्यातल्या एक मावशी दर सोमवारी आणि गुरुवारी मुलाला घेऊन येत. त्यांनी लाख वातींचा नेम धरला होता. स्वतःच्या शेतातला, हाताने सरकी काढलेला कापूस पिशवीत असे. चिमूट ओढायची, बोटांना राख लावायची, मधोमध पीळ द्यायचा की फुलवात तयार, आणि शंभर झाल्या की डबीत. एका डायलिसिसला आठशे, हा त्यांचा हिशेब. भिंतीवरच्या घड्याळाकडे त्या कधी बघत नसत. त्या दिवशी दोनच्या सुमारास त्या मला म्हणाल्या, ‘‘बाराशे झाल्या की हो लेकरा, आन् आजून आत घेतलं न्हाई.’’

गुरुवारनंतर सोमवार, म्हणजे दोन खेपांमधला सगळ्यात मोठा खंड. पोटॅशियम वाढलेले असते, फुप्फुसात पाणी साचायला लागते. निलंग्याकडच्या एका गृहस्थांना आडवे झोपवेना. त्यांना बसवून ऑक्सिजन लावला. दर तासाला मी सगळ्यांचे रक्तदाब घेत होतो, त्यात उपचार थोडा आणि आपण काहीतरी करतो आहोत असे दाखवणे जास्त, हे कबूल करायला हवे.

तीनला मावशींचा कापूस संपला. मी आतून ड्रेसिंगच्या कापसाची गुंडाळी आणून दिली. त्यांनी ती हातात घेऊन पाहिली आणि परत केली. ‘‘दवाखान्याचा कापूस देवाला कसा लावू, बाबा?’’ मग त्यांनी राखेची बोटे पदराला पुसली, हात मांडीवर ठेवले आणि दाराकडे बघत राहिल्या. महिनाभरात त्यांना दाराकडे बघताना मी पाहिले नव्हते.

पावणेचारला टँकर आला. टाकी भरून क्लोरीन तपासून होईतो साडेचार झाले आणि तरी सुरुवातीला दोनच यंत्रे चालतील एवढे शुद्ध पाणी निघत होते. निलंग्याच्या गृहस्थांना आधी घ्यायचे असे डॉक्टरांनी ठरवताच एका तरुणाने आवाज चढवला. नंबर त्याच्या सासऱ्यांचा पहिला होता आणि तो सकाळी सातपासून बसलेला होता, तेव्हा त्याचेही चुकले असे मला म्हणवत नाही. तो तावातावाने बाहेर गेला. थोड्या वेळाने खिडकीतून पाहिले, तर तो टँकरचा नळ गळत होता तिथे बादली धरून उभा होता.

मावशींच्या मुलाला सव्वापाचला मशीनला लावले. संपायला सव्वानऊ वाजले. गावाकडची शेवटची एसटी कधीच गेली होती, म्हणून दोघे मायलेक बाकड्यावरच झोपले.

गुरुवारी मावशी आल्या, तेव्हा त्यांच्याकडे कापसाच्या दोन पिशव्या होत्या.